आमचं दुखणं किती टक्के?



मागच्या अंकात वनहक्काच्या फेटाळलेल्या दाव्यांबद्दल लिहिलं होतं. या अंकात जमिनीचं कमी आणि अंगाचं जास्त लिहितोय. काही जण म्हणतील, संघटना जमिनीची, मग अपंगांची पेन्शन आणि दवाखान्याचा विमा मधेच कशाला काढला? मागच्या बैठकीत हे बोललंही गेलं. आपले एक जुने कार्यकर्ते, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, ते म्हणाले, "आपण हक्क मागणारी माणसं. निराधारचा फॉर्म भरून हात कशाला पसरायचा?" काकांनी आम्हाला मोर्चात चालायला शिकवलं. सातबारा कसा वाचायचा ते शिकवलं. त्यांचा मान आहेच. पण या एका गोष्टीत आम्हाला त्यांचं पटत नाही. का पटत नाही तेच लिहितोय.

श्रावणात आम्ही चार पाड्यांवरचे नऊ जण घेऊन जिल्ह्याला दाखल्यासाठी गेलो. रात्री तीनला निघालो. बॅटरी लावून नाल्यापर्यंत चालत, तिथून पिकअप, तालुक्यावरून एसटी. एक म्हातारी होती, दोन्ही डोळ्यांत फूल पडलेलं. एक जण मोहाच्या झाडावरून पडून कंबरेतून गेलेला, त्याला नाल्यापर्यंत झोळीत आणला. एक मुका-बहिरा पोरगा. दोघं सिकलसेलचे. बाकीचे हातापायाचे. खिडकीवर नंबर लागला तेव्हा साडेअकरा झाले होते. मग कळलं की हाडांचे डॉक्टर आज रजेवर, कानाचं मशीन बंद, आणि ऑनलाइन अर्ज आधी भरलेला पाहिजे. अर्ज भरायला बाहेरच्या सेंटरवर गेलो तर तो म्हणाला आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येईल. मोबाइल कोणाचा? म्हातारीच्या आधारला तिच्या जावयाचा नंबर. जावई ऊसतोडीला गुजरातेत. नंबर दोन वर्षांपासून बंद.

नवातल्या दोघांना त्या दिवशी डॉक्टरांनी बघितलं. बाकी सात जण रात्री नाल्यातून परत. भाडं, चहा, वडापाव सगळं मिळून किती गेलं ते काढायला बसलो, मग सोडून दिलं. चार जणांची दोन दिवसांची मजुरी बुडाली ती वेगळीच.

पण आम्हाला खरं लागलं ते दुसरंच. सिकलसेलचा जो पोरगा होता, एकोणीस वर्षांचा, त्याच्याकडे टेबलावरच्या माणसाने वर-खाली बघितलं आणि म्हणाला, "हातपाय तर धड दिसतात." पोरगा काही बोलला नाही. परतताना एसटीत म्हणाला, "हातपाय धड आहेत म्हणून तर मुकादम उचल देतो. रात्री थंडीत हाडात आग लागते तेव्हा तोच म्हणतो नाटक करतो."

आता कायदा काय म्हणतो बघा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ सालचा. एप्रिल २०१७ पासून लागू. आधीच्या १९९५ च्या कायद्यात फक्त सात प्रकारचं अपंगत्व होतं, या कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यात रक्ताचे आजार आहेत आणि त्यात सिकलसेलचं नाव छापलेलं आहे. म्हणजे सिकलसेलचा रुग्ण दाखला मागायला आला तर तो भीक मागत नाही, त्याचं नाव संसदेने लिहून ठेवलंय. टेबलावरच्या माणसाला हे माहीत नसेल तर आम्ही काय करावं? आम्ही बारावी शिकलो, आम्हाला माहीत आहे.

पण नाव असून भागत नाही, टक्के लागतात. ४० टक्क्यांच्या खाली कार्ड पांढरं. ४० च्या वर पिवळं, ८० आणि वर निळं. पांढऱ्यावर पेन्शन नाही, एसटीची ७५ टक्के सवलत नाही. सगळा खेळ त्या ४० च्या रेषेचा. पाय गेला असेल, डोळा गेला असेल तर डॉक्टरला मोजता येतो. सिकलसेलचं कसं मोजतात? दुखण्याने किती वेळा भरती झाला, रक्त किती वेळा चढवलं, खुब्याचं हाड, फुप्फुस, मूत्रपिंड यातलं काय खराब झालं, ते कागद बघून.

आता आपल्याकडे काय होतं ते तुम्हीच आठवा. पोराला रात्री दुखणं उठतं. झोळी करायला चार माणसं पाहिजेत, आणि तरणी माणसं ऊसतोडीला गेलेली. १०८ ची गाडी डांबर संपतं तिथे थांबते. पावसाळ्यात नाला ओलांडता येत नाही. मग पोरगा गोधडीत कण्हत तीन दिवस काढतो. आई गरम पाणी देते, डाया येऊन बघून जातो. चौथ्या दिवशी उठून तो बकऱ्या घेऊन जातो. कागद कुठे तयार झाला? भरतीची नोंद नाही, डिस्चार्ज कार्ड नाही. तालुक्याच्या गावात राहणारा त्याच आजाराचा माणूस वर्षात पाच वेळा भरती होतो, त्याच्या फायलीत पाच कागद. आपल्या पोराच्या फायलीत शून्य. म्हणजे माणूस दवाखान्यापासून जेवढा लांब, तेवढा तो कागदावर धडधाकट. रस्ता शासनाने केला नाही, डॉक्टर शासनाने दिला नाही, आणि त्याचाच फायदा घेऊन तुझे टक्के कमी आहेत असं शासनच सांगतं. याला आम्ही काय म्हणायचं ते काकांनीच सांगावं.

तपासणीचंही तसंच. आश्रमशाळेत बोटाला टोचून जी तपासणी करतात ती सोल्युबिलिटीची. ती पॉझिटिव्ह आली म्हणजे एवढंच कळतं की रक्तात सिकलसेल आहे. पोर वाहक आहे की रुग्ण, ते त्यात कळत नाही. त्याला इलेक्ट्रोफोरेसिस नाहीतर एचपीएलसी करावी लागते. त्यात एएस आलं तर वाहक. तो आजारी नाही, त्याला दाखला मिळत नाही आणि लागतही नाही. एसएस आलं तर रुग्ण. आमच्या पाड्यावरच्या तीन पोरांची सोल्युबिलिटी दोन वर्षांपूर्वी झाली. पुढचं रक्त नेलं, रिपोर्ट आजपर्यंत आला नाही. आईबापांना एवढंच माहीत की "शाळेत काहीतरी निघालं होतं."

१ जुलै २०२३ ला पंतप्रधानांनी मध्य प्रदेशात शहडोलला सिकलसेल निर्मूलनाचं मिशन सुरू केलं. २०४७ पर्यंत आजार संपवायचा, चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची. तपासणीला आमचा विरोध नाही, झालीच पाहिजे. पण तपासणी मोजायला सोपी असते, फलकावर आकडा लिहिता येतो. ज्याचं निघालं त्याला रोजची हायड्रॉक्सीयुरियाची गोळी, वेळेवर रक्त, दाखला, पेन्शन, याचा आकडा फलकावर कोण लिहिणार? २०२५ मध्ये जन्मलेलं पोर २०४७ ला बावीस वर्षांचं होईल. त्याने तोपर्यंत काय करायचं?

आता पेन्शनकडे येऊ. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांचं अनुदान दीड हजारावरून अडीच हजार करायचा निर्णय २०२५ मध्ये झाला. चांगलं झालं. पण उपकार म्हणून ऐकू नका. २०१६ च्या कायद्याच्या कलम २४ मध्ये लिहिलंय की दिव्यांगांचं अनुदान इतरांच्या तशाच योजनेपेक्षा निदान २५ टक्के जास्त पाहिजे. २०२३ मध्ये दीड हजार केलं तेव्हा विधवा, परित्यक्ता, दिव्यांग, सगळ्यांना सारखंच ठेवलं होतं. म्हणजे कायदा असून पाळला नव्हता. केंद्राची दिव्यांग पेन्शन आहे त्यात केंद्राचा वाटा महिना ३०० रुपये, आणि त्यालाही ८० टक्के अपंगत्व पाहिजे, वर दारिद्र्यरेषेखालचं नाव पाहिजे.

आणि उत्पन्नाची अट! निराधारला कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २१ हजारांच्या आत पाहिजे. भागा तीनशे पासष्टने. सगळ्या घराला मिळून दिवसाला ५७ रुपये. रोजगार हमीचा आपल्या राज्याचा २०२५-२६ चा दर ३१२ रुपये होता. तेव्हाच्या कायद्यात शासनाने १०० दिवसांची हमी दिली होती. ती हमी खरोखर पाळली असती तर घरात ३१,२०० रुपये आले असते, आणि विधवा बाई निराधारमधून बाद झाली असती. म्हणजे दोन्ही कायदे एकदम पाळताच येत नव्हते. दिव्यांगाला सूट आहे, त्याला ५० हजारांपर्यंत चालतं. तिथेही हिशोब करा. अपंग पोराच्या आईबापांनी मिळून १६० दिवस काम केलं तर ४९,९२० रुपये. एकशे एकसष्टाव्या दिवशी त्यांनी घरी बसावं, नाहीतर पोर एका दिवसात बरं होतं.

अर्थात कोणी एवढा हिशोब करतच नाही. तलाठी कार्यालयात उत्पन्न अंदाजाने लिहितात. कोणाला किती लिहायचं ते कसं ठरतं, ते ज्याने त्याने आपल्या अनुभवाने जाणावं. आमच्यातल्या एकाच्या आईला ६० हजार लिहून दिलं. विचारलं कसं? तर "तुम्हाला वनपट्टा आहे ना, दोन हेक्टर."

इथे थांबा. हा मुद्दा नीट वाचा, कारण जमिनीच्या लढाईचा आणि या लढाईचा सांधा इथेच आहे.

ही जमीन आमची, असं आम्ही वनहक्काच्या दाव्यात सांगतो. म्हाताऱ्यांचे जबाब देतो, जुन्या दंडाच्या पावत्या देतो. तेव्हा समितीच्या टेबलावर सांगतात, १३ डिसेंबर २००५ च्या आधी तुम्ही कसत होता याचा पुरावा पुरेसा नाही. अर्धे दावे तसेच पडून. पण तोच माणूस पेन्शनच्या टेबलावर गेला की त्याच्याकडे जमीन आहे! ज्यांना पट्टा मिळाला त्यांची जमीन उताराची, दगडाची, पावसाच्या पाण्यावरची. वर्षाला एक पीक, तेही रानडुकरांनी सोडलं तर. ती विकता येत नाही, कायद्यानेच विकता येत नाही. आम्हाला विकायचीही नाही. तरी कागदावर दोन हेक्टरचा बागायतदार. आणि ज्यांना पट्टा नाही, त्यांना रहिवासाचा पुरावा नाही, कारण वनगावात लाइटबिल नाही, घरपट्टीची पावती नाही. निराधारला पंधरा वर्षं राज्यात राहिल्याचा दाखला लागतो. आजा इथे पुरला, त्याचा दगड उभा आहे, पण दगडाची झेरॉक्स निघत नाही.

म्हणजे एका टेबलावर जमीन नाही म्हणून हाकलतात, दुसऱ्यावर जमीन आहे म्हणून. काका, आपण हे दोन्ही टेबल वेगळे समजतो तिथेच फसतो. तहसील एकच आहे.

विम्याचं थोडक्यात लिहितो, कारण त्यात चांगलंही आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत आता एकत्र आहेत. कुठलंही रेशनकार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचा उपचार, योजनेतल्या दवाखान्यात, पैसे न भरता. आधी पिवळं-केशरी, नाहीतर २०११ च्या यादीत नाव, अशी भानगड होती. तेव्हा यादीत नाव असायला त्या वर्षी कोणी आपल्या पाड्यापर्यंत यायला पाहिजे होतं. आता ती अट गेली. हे लक्षात ठेवा, दवाखान्यात "तुमचं कार्ड चालत नाही" म्हणाले तर ऐकून घेऊ नका. तिथे आरोग्यमित्र बसतो, त्याला शोधा. १५५३८८ ला फोन करा. आजार योजनेत बसत असेल तर डिपॉझिट घेता येत नाही. आमच्या ओळखीतल्या एका बाईकडून एका खाजगी दवाखान्याने नवऱ्याच्या पायाच्या ऑपरेशनला डिपॉझिट घेतलं, तिने पाच बकऱ्या विकल्या. का? सुनेचं नाव रेशनकार्डात होतं, मुलाचंही होतं, नवऱ्याचंच चुकीचं छापलेलं. आधारवर एक, रेशनवर दुसरं. ही चूक कार्यालयाची, बकऱ्या तिच्या.

तेव्हा घरी जाऊन आज रेशनकार्ड काढा आणि आधारशी एक-एक अक्षर ताडून बघा. लग्न होऊन आलेल्या सुनांची नावं अजून माहेरच्या कार्डात आहेत. लहान पोरांची तर कशातच नाहीत. सगळी धडधाकट असताना हे करा.

पण विमा म्हणजे दवाखाना नव्हे, हेही तेवढंच खरं. विमा ऑपरेशनचा आहे, भरतीचा आहे. रोजची गोळी त्यात नाही. पिकअपचं भाडं नाही, बरोबर गेलेल्या माणसाची मजुरी नाही. पाच लाखांचे दवाखाने शहरात, आणि आपल्या उपकेंद्राला कुलूप. सिकलसेलच्या रुग्णाला एसटीत मोफत प्रवास आहे, पण एसटी येते कुठपर्यंत? शासन खाजगी दवाखान्याला ऑपरेशनमागे पैसे देतं आणि स्वतःच्या आरोग्य केंद्रात डॉक्टर भरत नाही. हे आम्हाला मान्य नाही. कार्ड घेऊ, आणि डॉक्टरही मागू. एक घेतलं म्हणून दुसरं सोडणार नाही.

आता काकांचं उत्तर. ते म्हणतात आपण निराधार नाही. बरोबर आहे, हा शब्द आम्हालाही खटकतो. जंगल होतं तेव्हा मोह, चारोळी, तेंदू, डिंक, मासे, लंगड्या माणसालाही बसून करायला काम होतं. पानं शिवायची, दोर वळायचे, राखण करायची. आंधळी म्हातारी मोह निवडायची, तिला कोणी अपंग म्हणत नव्हतं. जंगल बंद केलं, माणसं ऊसतोडीला गेली, आणि उसाच्या फडात लंगड्याला काम नाही. त्याला अपंग कोणी केला? तो आधार ज्यांनी काढला त्यांच्याकडून महिन्याला अडीच हजार घेताना आम्हाला लाज वाटत नाही. लाज वाटायचीच तर त्यांना वाटावी.

आणखी एक गोष्ट आहे, ती आपल्याच घरातली. बाजारात दोन-तीन जण बसतात, "टक्के वाढवून देतो, पाच हजार द्या" म्हणतात. त्यातला एक आपल्याच समाजाचा आहे, मोर्चात पुढे असतो. ज्याचे टक्के खरे, त्याने पैसे का द्यायचे? आणि ज्याचे खोटे, तो खऱ्याचं नाव खराब करतो, मग साहेब सगळ्यांकडेच संशयाने बघतो. दुसरं म्हणजे सिकलसेल लपवणं. पोरीचं लग्न मोडेल म्हणून रिपोर्ट पत्र्याच्या पेटीत ठेवतात. भीती आम्हाला कळते. पण दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक पोर रुग्ण होण्याचा धोका असतो. लपवून तो जात नाही. रिपोर्ट पेटीतून काढा. चावडीवर वाचायची गरज नाही, आरोग्य सेविकेला आणि जोडीदाराला कळला तरी पुरे.

मग करायचं काय? आमचं म्हणणं असं की एकट्याने खिडकीवर जायचं बंद करा. १९९६ च्या पेसा कायद्यात कलम ४ मध्ये लिहिलंय की गरिबी हटवायच्या आणि इतर योजनांचे लाभार्थी ठरवायची जबाबदारी ग्रामसभेची. महाराष्ट्राचे पेसा नियम २०१४ मध्ये आले. वनहक्काचे दावे ग्रामसभेने तपासले तसेच हेही ग्रामसभेने तपासावेत. टक्के डॉक्टरच ठरवणार, त्यात आपण पडत नाही. पण कोण किती वर्षं इथे राहतो, कोणाच्या घरी किती पिकतं, हे पाड्याइतकं कोणाला माहीत आहे? ज्यांनी एकमेकांच्या शेताची शिव दाखवली त्यांनाच एकमेकांच्या चुलीचीही खबर आहे. तो ठराव तलाठ्याच्या अंदाजापेक्षा खरा. तहसीलदार म्हणतील ठराव चालत नाही. म्हणू देत, लेखी म्हणू देत. वनदाव्यातही पहिल्यांदा हेच म्हणाले होते.

आपली मागणी साधी आहे. दाखल्याचा कॅम्प तालुक्यावर घ्या, सगळे डॉक्टर एकाच दिवशी आणा, तारीख पंधरा दिवस आधी पाड्यावर कळवा. अडकलेले एचपीएलसीचे रिपोर्ट आधी द्या. दाखला नाकारला तर कारण लेखी द्या. नियमातच आहे, आणि त्यावर अपील करता येतं. दाद नाही लागली तर पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करू. आणि ग्रामसेवकाला विचारा, ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात, ते कुठे गेले? उत्तर आलं नाही तर पुढच्या अंकात पंचायतीचं नाव छापू.

(हे पान संपत आलं. स्टेन्सिल एकच उरलंय, म्हणून कागदांची यादी आवळून लिहितो.)

येत्या बाजारच्या दिवशी वडाखाली बैठक आहे. येताना आधार, रेशनकार्ड, बँकेचं पुस्तक, दोन फोटो, आणि दवाखान्याचा जो काही कागद असेल तो आणा, फाटका असला तरी. भरती, रक्त चढवलेलं, गोळ्यांची चिठ्ठी, शाळेतली तपासणी, सगळं. ज्यांच्याकडे कागदच नाहीत त्यांनीही या. दुखणं कधी उठलं, कोणी झोळी उचलली, हे आम्ही तारखेसकट वहीत लिहून घेऊ आणि झोळी उचलणाऱ्यांच्या सह्या घेऊ. चालता येत नसेल त्यांनी निरोप पाठवा, पोरं घरी येतील. आणि मूळ कागद कोणाच्याच हातात देऊ नका, आमच्याही नाही. झेरॉक्स द्या आणि पोच घ्या.